गरम पाण्यासाठी काय घ्यावं? पाच माणसं, दोन बाथरूम, खर्च आटोक्यात हवा

पहाटपाखरू:

नमस्कार मंडळी. आमचा १५ लिटरचा गीझर खालून गळायला लागलाय. अधूनमधून एखादा थेंब नाही, भिंतीवर तांबडा ओघळ उतरलाय. नवा घ्यावाच लागेल असं दिसतंय, तर मग घाई न करता नीट विचार करून घ्यावा म्हणून इथे विचारतेय.

घरात आम्ही पाच जण. नवरा आणि कॉलेजात जाणारा मुलगा शॉवर घेतात, मी आणि धाकटी बादलीवर भागवतो. सकाळी सहा ते सात या तासाभरात आमच्या चौघांच्या आंघोळी एकाच बाथरूममध्ये उरकायच्या असतात. सासूबाईंची आंघोळ नंतर, दुसऱ्या बाथरूममध्ये. त्यांना स्टुलावर बसून करावी लागते आणि त्या बाथरूमला उंबरठा नाही म्हणून ते त्यांना सोयीचं. तिथे गीझर नाहीच, आजवर बादलीत रॉड टाकून पाणी तापवत आलो. पण रॉड चालू असताना त्यांना तिथे एकटं सोडायला आता माझा जीव धजावत नाही. शिवाय थंडीत भांडी घासायला सिंकपाशी थोडं गरम पाणी मिळालं तर हवंच आहे.

आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. गच्चीतली पाण्याची टाकी थेट स्लॅबवर ठेवलेली आहे, त्यामुळे सासूबाईंच्या बाथरूममध्ये धार अगदी बारीक येते.

ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. दुकानदार म्हणाला, ५० लिटरचा एकच मोठा गीझर माळ्यावर बसवा आणि सगळ्या घरात पाइप फिरवा. नणंद म्हणते गॅस गीझर घे, नळ उघडला की पाणी तयार. शेजारी सोलरच्या बाजूचे. नवऱ्याने हीट पंपाबद्दल काहीतरी वाचलंय. मला एवढंच हवंय की घेताना फार मोठा खड्डा पडू नये, दर महिन्याचं बिल बघून धस्स होऊ नये, आणि सासूबाईंना कुणाला हाक न मारता आंघोळ करता यावी.

---

वीजतंत्री:

ताई, गीझर बसवणं आणि दुरुस्त करणं हाच माझा धंदा, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी गळतीचं. वरच्या-खालच्या पाइपच्या जोडातून गळत असेल तर वॉशर किंवा कनेक्शन पाइप बदलून भागतं. पण तांबडा ओघळ खालच्या झाकणातून येतोय याचा अर्थ बहुतेक आतली टाकीच गंजून भोक पडलंय. तिच्यावर खर्च करू नका, ती पुन्हा गळणारच. गीझर उतरवला की मेकॅनिकला कॉइलशेजारचा अॅनोड रॉड काढून दाखवायला सांगा. नवा असतो तेव्हा तो मॅग्नेशियमचा चांगला जाड दांडा असतो. तुमच्या गीझरमधून बहुधा नुसती बारीक तार निघेल आणि तिला चिकटलेले पांढरे खडे. हा दांडा स्वतः झिजत राहतो म्हणून टाकीचं पोलाद वाचतं. तो संपला की गंज टाकीला धरतो. नव्या गीझरमध्ये दर वर्षा-दोन वर्षांनी तो काढून बघायचा, बोअरचं जड पाणी असेल तर दरवर्षी. दांडा वेळेवर बदलणं नवी टाकी घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं, आणि तरीही बहुतेक घरांत तो आहे हेच कुणाला माहीत नसतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण चांगल्या टाक्या केवळ तेवढ्यासाठी भंगारात जातात.

आता नवं काय घ्यायचं. कोणतं यंत्र हे मागाहून ठरवू, आधी पाणी मोजा. हिशेबाची किल्ली एकच आहे: एक युनिट वीज ८६० लिटर पाणी एक अंशाने तापवते. म्हणजे ४३ लिटर पाणी २० अंशांनी तापवायला बरोबर एक युनिट. साध्या कॉइलच्या कुठल्याही गीझरला, महाग असो की स्वस्त, यापेक्षा कमी विजेत ते काम करता येत नाही. 'आमचा गीझर निम्म्या विजेत पाणी तापवतो' असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. फरक पडतो तो फक्त दोन ठिकाणी. तापलेलं पाणी टाकीत पडून किती थंड होतं हे एक, आणि ते नळापर्यंत येईतो पाइपात किती अडकून राहतं हे दुसरं.

दुसऱ्या गोष्टीकडे लोक बघतच नाहीत. अर्धा इंची पाइपात मीटरला साधारण १८० मिली पाणी मावतं, पाऊण इंचीत ३०० मिलीच्या आसपास. नळ बंद केला की तेवढं तापलेलं पाणी भिंतीत गार होत बसतं, आणि पुढच्या वेळी ते मोरीत सोडल्याशिवाय गरम पाणी हाताला लागत नाही. आंघोळीला हे एकदाच होतं. सिंकपाशी दिवसातून दहा वेळा होतं.

म्हणून एवढं मोजून सांगा. शॉवरखाली बादली धरून एका मिनिटात किती लिटर पाणी भरतं. प्रत्येक जण किती मिनिटं शॉवर सोडून ठेवतो. सकाळचं थंड पाणी किती अंशांचं असतं (साधा थर्मामीटर चालेल, तापाचा नको). माळ्यापासून सासूबाईंच्या नळापर्यंत आणि सिंकपर्यंत पाइप किती मीटर होईल. आणि गीझरच्या पॉइंटला वायर कितीची आहे, घराला आरसीसीबी (वीज कुठे गळली की पुरवठा तोडणारं बटण) आहे का.

---

जाईजुई:

आमच्याकडे गॅस गीझर आहे, पाइपच्या गॅसवर. मी खूश आहे. पाणी तापायची वाट बघायची नाही, एकामागून एक कितीही जण आंघोळ करा, शेवटच्यालाही तेवढंच गरम. आमचा सज्ज्यात बाहेरच्या भिंतीवर बसवलाय. फक्त त्यातले सेल संपत आले की ऐन आंघोळीत ठिणगी पडेनाशी होते, म्हणून दोन सेल घरात ठेवलेलेच असतात. आणि पाण्याला जोर लागतो. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे तसाच गीझर पेटतच नाही, त्यांना प्रेशर पंप बसवावा लागला.

---

वीजतंत्री:

जाईजुई, सज्ज्यात बाहेर बसवलात हे फार चांगलं केलंत. त्यावरच थोडं लिहितो, कारण हा धागा पुढे आणखी कुणी वाचेल.

गॅस गीझर बाथरूमच्या आत कधीही लावू नका. खिडकी आहे, एक्झॉस्ट आहे, रोज पाचच मिनिटं वापरतो, यातलं कुठलंही कारण चालत नाही. मी एकदा एका घरी 'गीझर नीट पेटत नाही' म्हणून गेलो होतो. बघतो तर ज्योत निळी असायची ती पिवळी आणि लांबुळकी, वरच्या जाळीच्या तोंडाशी पंख्याच्या आकाराचा काजळीचा डाग, आणि थंडी आत येते म्हणून झडपेला पुठ्ठा लावलेला. घरातली मुलगी बोलता बोलता म्हणाली की आंघोळीनंतर तिचं डोकं दुखतं आणि मळमळतं. मी तिथल्या तिथे गॅसचा कॉक बंद केला. अपुऱ्या हवेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, खोकलाही येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. आधी डोकं जड, मग गरगरणं, उलटीची भावना, पायांतली ताकद जाणं, आणि कडी लावलेल्या बाथरूममध्ये माणूस दारापर्यंतही पोचत नाही. असं काही जाणवलं तर गीझर बंद करत बसण्याआधी माणसाला मोकळ्या हवेत आणा.

म्हणजे गॅस वाईट का? नाही. एक किलो एलपीजीत जवळपास १२.८ युनिट उष्णता असते. गीझर त्यातली ऐंशी टक्के पाण्याला देतो असं धरलं तर एक किलो गॅस म्हणजे सुमारे १० युनिट वीज. तुमच्याकडचा एक किलो गॅसचा भाव आणि दहा युनिट विजेचा भाव शेजारी शेजारी लिहा, स्वस्त काय ते समजेल. बिलात टप्पे असतील तर विजेचा दर सगळ्यात वरच्या टप्प्याचा धरायचा, सरासरी नाही, कारण गीझरचे युनिट नेहमी वरच्या टप्प्यात जाऊन पडतात. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो.

पण ताई, तुमच्या बाबतीत गॅसची अडचण पाण्याच्या जोराची आहे. १० मीटर उंचीवरून आलेल्या पाण्याला एक बार दाब मिळतो. तुमची टाकी स्लॅबवरच, म्हणजे शॉवरच्या वर जेमतेम दीड-दोन मीटर पाणी. ०.१५ ते ०.२ बारमध्ये बरेच गॅस गीझर पेट घेत नाहीत किंवा मध्येच विझतात. त्यापायी पंप आला, पंपाची वीज आली, जुन्या जोडांवर दाब आला.

---

ऊनसावली:

सोलरबद्दल मी लिहिते. आमच्याकडे नळकांड्यांचा आहे, बरीच वर्षं वापरतेय, आणि कोरड्या उन्हाच्या दिवसांत गरम पाण्यासाठी वीज अजिबात लागत नाही हे अगदी खरं. साधारण दोन चौरस मीटर संग्राहकाला (ऊन झेलणाऱ्या नळकांड्यांच्या भागाला) १०० लिटरची टाकी असं माप असतं, आणि चांगल्या उन्हात तेवढं पाणी तीस-पस्तीस अंशांनी सहज तापतं.

पण पहाटपाखरू, दोन गोष्टी घेण्याआधी कुणी सांगत नाही. पहिली म्हणजे गच्चीपासून नळापर्यंतच्या पाइपातलं गार पाणी. वीजतंत्रींनी वर लिहिलंय ते आमच्याकडे रोज घडतं. मी पहिलं पाणी बादलीत धरते आणि लादी पुसायला वापरते. सुरुवातीला पाइपवर वेष्टण नव्हतं तेव्हा टाकीत पाणी कढत आणि नळाला कोमट, अशी गत होती. पाइप झाकल्यावर फरक पडला. दुसरी गोष्ट तुमच्यासाठी जास्त महत्त्वाची. थंड पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच असावी लागते, नाहीतर पाणी तिच्यात चढतच नाही. तुमची टाकी स्लॅबवर आहे, म्हणजे ती उचलून लोखंडी स्टँडवर किंवा बांधलेल्या ओट्यावर ठेवावी लागेल. ५०० लिटरची टाकी भरली की अर्ध्या टनाची होते, तेव्हा खाली तुळई कुठे आहे हे जाणकाराला विचारल्याशिवाय हे करू नका.

सलग ढगाळ हवेत पाणी कोमटच राहतं. आम्ही त्या टाकीत विजेची कॉइल बसवून घेतली होती, पण आता वापरत नाही. एकाच्या आंघोळीसाठी अख्खी १०० लिटरची टाकी तापवावी लागते. त्याऐवजी बाथरूममध्ये छोटा गीझर ठेवलाय, सोलरचं पाणी त्यातून येतं. ते गरम असेल तर त्याचा थर्मोस्टॅट चालूच होत नाही.

---

बिऱ्हाडकरू:

मधेच विचारतो. मी भाड्याच्या खोलीत एकटा राहतो, भिंतीला भोक पाडायची परवानगी नाही. रॉडच वापरतोय. त्यात वीज फार जाते का? आणि धोका किती?

---

पहाटपाखरू:

ऊनसावली, टाकीच्या उंचीचं मला खरंच कुणी सांगितलं नव्हतं, मनापासून आभार.

वीजतंत्री दादा, मोजमाप केलं. सकाळचं पाणी १८ अंश. शॉवर मिनिटाला ७ लिटर (पहिल्या बाथरूममध्ये धार बरी आहे, तिथे टाकीपासून पाइप सरळ खाली येतो). नवरा सात मिनिटं, मुलगा दहा मिनिटं. मी आणि धाकटी प्रत्येकी २० लिटरची बादली. सासूबाईंना २५ लिटर लागतं. सिंकपाशी दिवसभरात १५ लिटर धरलंय. माळ्यापासून सासूबाईंच्या नळापर्यंत पाइप १४ मीटर होईल, सिंकपर्यंत ११. जुन्या गीझरच्या पॉइंटला ४ चौरस मिमीची तांब्याची वायर आहे असं इलेक्ट्रिशियन म्हणाला, आरसीसीबी आहे. सासूबाईंच्या बाथरूममध्ये मात्र साधा सॉकेट आहे, रॉड त्यालाच लावत होतो. सिंकपाशी मिक्सरसाठी मोठा सॉकेट आहे. घरात हिशेब वाचून दाखवला तेव्हा मुलाने स्वतःहून सांगितलं की तो साबण लावतानाही शॉवर चालू ठेवतो.

---

वीजतंत्री:

बिऱ्हाडकरू, आधी तुमचं, थोडक्यात. रॉडमध्ये वीज वाया जात नाही, जवळजवळ सगळी पाण्यातच जाते. बादलीवर झाकण ठेवलं तर आणखी बरं. धोका मात्र खरा आहे. प्लास्टिकची बादली, रॉडवरच्या खुणेपर्यंत पाणी, आणि बटण बंद करून पिन सॉकेटातून उपसल्याशिवाय पाण्याला बोट लावायचं नाही, पाणी तापलं का हे बघायलासुद्धा नाही. रॉड पाण्यात घातल्यावर बटण सुरू, आणि बटण बंद झाल्यावरच रॉड बाहेर. नळीवर चीर किंवा फुगवटा दिसला तर त्याच दिवशी टाकून द्या. अर्थिंग नसलेल्या सॉकेटला तो लावूच नका. घरमालक तयार झाले तर त्यांच्याकडून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या, गळती विजेत तीच जीव वाचवते.

ताई, तुमची मापं बघून मला बरं वाटलं, फार थोडी माणसं हे करतात. आता हिशेब बघा.

नवऱ्याचं ४९ लिटर, मुलाचं ७०, तुमचं आणि धाकटीचं ४०, सासूबाईंचं २५, सिंकचं १५. एकूण १९९, म्हणजे २०० लिटर. हे सगळं अंगाला सोसेल असं ४० अंशांचं पाणी धरलं तर २२ अंश चढवायचेत. २०० गुणिले २२ भागिले ८६०, म्हणजे दिवसाला ५.१ युनिट. यातला जवळपास साठ टक्के वाटा दोन शॉवरचा आहे.

म्हणून सगळ्यात पहिली खरेदी गीझरची नाही, शॉवरच्या तोंडाची. मिनिटाला ५ लिटर सोडणारं तोंड घ्या, पण कमी दाबावर चालणारं, नाहीतर तुमच्याकडे नुसते थेंब पडतील. सोबत हाताशी बंद करायची कळ घ्या, म्हणजे साबण लावताना धार थांबवता येईल आणि गरम-गार पाणी पुन्हा जुळवत बसावं लागणार नाही. दोघांचं धारेखालचं पाणी सहा-सहा मिनिटांवर आलं की ११९ लिटरचे ६० लिटर होतात. दिवसाची वीज ३.६ युनिटवर येते. साध्या कॉइलचा कुठलाही गीझर बदलून एवढी बचत होत नाही, आणि मुलाने स्वतःहून कबूल केलंय म्हणजे अर्धं काम झालंच.

आता पहिलं बाथरूम. तासाभरात १०० लिटर, ४० अंशांचं. २५ लिटरच्या टाकीत ६० अंशांचं पाणी असेल तर १८ अंशांचं विसण घालून त्याचं ४७-४८ लिटर होतं. त्याच तासात २ किलोवॅटची कॉइल आणखी ७८ लिटर पाणी ४० अंशांवर आणू शकते. बेरीज १२५ च्या वर. आत येणारं थंड पाणी टाकीतल्या गरम पाण्यात थोडं मिसळतंच, म्हणून पाचवा हिस्सा वजा करा. १०० लिटर उरतं, अगदी नेमकं. १५ लिटरचा गीझर याच हिशेबाने ८५ वर थांबतो, म्हणजे चौथ्या माणसाला कोमट पाणी. ५० लिटरची तुम्हाला गरज नाही. २५ लिटर घ्या, आणि वायर ४ ची आहे तर ३ किलोवॅटची कॉइल मिळाली तरी चालेल, तिला साधारण १३ अँपिअर लागतात. बटण पाच-वीसच्या आधी कुणीतरी टाकायला हवं. २ किलोवॅटला पहिली टाकी तापायला साधारण ३७ मिनिटं लागतात. टायमर लावून टाका.

माळ्यावरच्या एका मोठ्या गीझरला माझा विरोध पाइपांमुळे आहे. सिंकपर्यंत ११ मीटर अर्धा इंची पाइप म्हणजे दर वेळी २ लिटर तापलेलं पाणी भिंतीत. दहा वेळा नळ उघडला तर २० लिटर, आणि ते ६० अंशांचं असेल तर जवळपास एक युनिट वीज रोज. हाताला लागलेलं पाणी १५ लिटर आणि पाइपात गमावलेलं २०, असा तो व्यवहार आहे. त्यापेक्षा सिंकखाली किंवा वर ३ लिटरचा छोटा गीझर लावा. भांडी घासायच्या आधी बटण टाकायचं, झालं की बंद. त्यातला बारका ३ किलोवॅटचा असेल तर मिक्सर आणि गीझर एका सॉकेटवर एकाच वेळी लावू नका.

सासूबाईंच्या बाथरूमला १५ लिटरचा साठवणीचा गीझर. बारीक धार त्याला अडचणीची नाही, उलट हळू आलेलं पाणी टाकीत कमी ढवळलं जातं. इन्स्टंट घेऊ नका. ३ किलोवॅटचा इन्स्टंट २२ अंश चढवून मिनिटाला जेमतेम २ लिटर देतो, २५ लिटर भरायला पाव तास, आणि तेवढा वेळ त्यांनी स्टुलावर बसून राहायचं. मात्र साध्या सॉकेटवर गीझर चालणार नाही. मेन बोर्डापासून वेगळी वायर, वेगळी एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारं बटण), अर्थिंग. हा खर्च टाळू नका, बाकी कुठलाही टाळा.

त्यांच्यासाठी आणखी एक. ६० अंशांचं पाणी कातडीवर पाच सेकंद पडलं तरी खोलवर भाजतं, आणि म्हातारपणी कातडी पातळ असते. म्हणून कमाल तापमान बांधून ठेवणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह लावा, नळाला ४० च्या आसपासच पाणी येऊ देतो. पण तो कमी दाबावर चालणारा आहे ना हे विचारून घ्या. थर्मोस्टॅट ४० ला ठेवून हेच साधता येईल असं कुणी सुचवेल, ते करू नका. २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात, ते असलेल्या पाण्याचे बारीक तुषार श्वासातून छातीत गेले की न्यूमोनिया होऊ शकतो, आणि वृद्धांना तो जड जातो. टाकीत पाणी ६० ला तापवायचं आणि नळापाशी निववायचं.

हीट पंपाचं तुमच्या यजमानांना सांगा की कल्पना उत्तम आहे. तो हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतो, म्हणून एका युनिट विजेत साधारण तीन युनिटांचं काम करतो. पण यंत्र महाग, त्याला मोकळी हवा आणि बरीच जागा लागते, पाणी सावकाश तापवतो म्हणून टाकी मोठी लागते, आणि ती मोठी टाकी म्हणजे पुन्हा लांब पाइप. दिवसाला साडेतीन युनिटांच्या घरात त्याची किंमत वसूल व्हायला फार वर्षं जातील. आठ-दहा माणसांचं घर असतं तर मी स्वतः तोच घ्या म्हणालो असतो. सोलर पुढे कधी गच्चीतली टाकी बदलायची वेळ आली तर. तेव्हा हे गीझर फुकट जाणार नाहीत, ऊनसावलींनी लिहिलंय तसे सोलरच्या पाण्यामागे उभे राहतील.

---

जाईजुई:

सज्ज्यात गीझर असला तरी सज्जा काचेने बंद केला तर? आमच्या इमारतीत दोघांनी तसं केलंय.

---

वीजतंत्री:

मग तो सज्जा राहिला नाही, खोली झाली. धूर थेट बाहेर नेणारी चिमणी लावायची किंवा काच काढायची. कृपा करून आजच जाऊन सांगा त्यांना.

---

पहाटपाखरू:

दादा, सगळं ठरलं आणि बसवूनही झालं. पहिल्या बाथरूमला २५, सासूबाईंना १५, शॉवरला नवं तोंड. सिंकचा गीझर पुढच्या महिन्यात घेऊ. जुन्यातला अॅनोड काढून बघितला, तुम्ही म्हणालात तशी तारच उरली होती. सासूबाईंनी काल स्वतः नळ सोडून, स्वतःच आटोपून आंघोळ केली. बाहेर आल्यावर 'पाणी छान होतं' एवढंच म्हणाल्या.

एक शंका आहे. २५ लिटरचा गीझर चालू केला की थंड पाण्याच्या बाजूच्या छोट्या पितळी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं. बंद केल्यावर थोड्या वेळाने थांबतं. बसवणारा म्हणाला त्रास वाटला तर टोकाला बूच मारून देतो. मारू का?

---

वीजतंत्री:

अजिबात नाही. तो सेफ्टी व्हॉल्व्ह आहे आणि आपलं काम नीट करतोय. पाणी १८ वरून ६० अंशांवर गेलं की सुमारे दीड टक्का फुगतं. २५ लिटरमागे पावणेचारशे-चारशे मिली, म्हणजे मोठा पेला भरेल इतकं. मागे परतायला त्याला वाट नसते, कारण त्याच व्हॉल्व्हमध्ये पाणी उलट जाऊ न देणारी झडप असते. म्हणून ते ठिबकून बाहेर येतं. बूच मारलं तर तोच दाब टाकीवर येईल, आणि थर्मोस्टॅट कधी अडकला तर टाकी फुटू शकते. ज्याने बूच मारायचं सुचवलं त्याच्याकडून पुढचं काम करून घेऊ नका.

व्हॉल्व्हच्या टोकाला एक बारीक नळी लावून ती उताराने मोरीपर्यंत सोडा, नळीचं तोंड उघडं ठेवा. गीझर पूर्ण गार असतानाही ठिबकत राहिलं तर व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय असं समजा. बाजूचा छोटा दांडा वर उचलून पाणी जोरात वाहू द्या आणि सोडून द्या, बहुतेक वेळा तेवढ्याने साफ होतं. आणि सिंकचा गीझर येईल तेव्हा बटण टाकण्याआधी गरम पाण्याचा नळ उघडून ठेवा. हवा फुरफुरत निघून सलग धार लागली की मगच वीज द्या, कोरडी कॉइल लगेच जळते.